फुल विमा आणि धावपट्टीवरचे तीन फेरे

सिकंदराबादच्या गॅरेजात मला तिसरं वर्ष लागलं, तेव्हा मेस्त्री एका रविवारी आम्हाला शहराबाहेरच्या जुन्या धावपट्टीवर घेऊन गेले. लढाईच्या काळात तिथं विमानं उतरायची म्हणे, आता सिमेंटच्या भेगांतून गवत आलंय. गाडीवाल्यांचा एक क्लब तिथं वर्षातून दोनदा हौशी लोकांना आपापली गाडी पळवू देतो. शर्यतीची खास गाडी लागत नाही. घरची आणा, पंचवीस रुपये भरा, तीन फेरे मारा. एक जण घड्याळ घेऊन वेळ लिहितो. मी दिवसभर दुसऱ्यांची बोनेटं उघडली आणि झाकली. इंजिन मी बांधायचं, आणि चालवून बघायचं तर गल्लीच्या टोकापर्यंत. परत येताना ठरवलं, पुढच्या खेपेला आपली गाडी आणायची.

आपली म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, महादेवदादाची. पाच वर्षांपूर्वी एका डॉक्टरांकडून घेतलेली जुनी अँबॅसिडर. सोलापूर ते अक्कलकोट शिटा भरून दिवसाला तीन खेपा, बाजाराच्या दिवशी पार दुधनीपर्यंत. अव्वा म्हणजे आमची आई, वहिनी, तीन पोरं आणि दादा, सगळं घर त्या चार चाकांवर. मी पत्र टाकलं. दादाचं उत्तर दोन ओळींचं आलं. "गाडी मोडली तर घर बसंल. विमा भरून देत असंल तर नेऊ, आणि मी संगं येणार."

मी रजा काढून सोलापूरला आलो. दादानं देवाच्या कपाटातून विम्याचा कागद काढला. आमच्याकडं खंडेनवमीला गाडीची पूजा होते तेव्हा या कागदालाही हळदीकुंकू लागतं. त्यामुळं त्याच्यावर दर वर्षाची बोटं उठलेली. सगळं इंग्रजीत. मी सातवीपर्यंत गेलेला, दादा चौथीपर्यंत. विम्याचे एजंट, सगळे त्यांना गुरुजी म्हणतात, ते नेमके लग्नाला वैरागला गेलेले.

"गुरुजी काय म्हणले हुते पैसे घेताना?" मी विचारलं.

"फुल विमा हाय म्हणले."

"मग झालं की. फुल म्हंजे फुल."

वहिनी भाकरी थापत होत्या. म्हणाल्या, "भावजी, तुमी दोघं मिळून अकरावी झाला हायसा. जरा कुणाकडनं वाचून तरी घ्या."

दादा हसला आणि कागद घडी करून खिशात घातला. तिथंच आम्ही चुकलो. पण ते कळायला तीनशे किलोमीटर जावं लागलं.

शनिवार. उजाडताना निघालो. अव्वानं गाडीवरून भाकरतुकडा ओवाळला आणि म्हणाली, "सावकाश होगप्पा." गाडी पळवायला निघालेल्या माणसाला सावकाश जा म्हणणारी आमची अव्वाच.

तुम्ही या रस्त्यानं जाणार असाल तर सांगतो. नळदुर्गपर्यंत रस्ता बरा आहे. तिथं स्टँडसमोर चहा प्यावा, पंचवीस पैशात पेला काठोकाठ मिळतो. पुढं उमरग्यापर्यंत डांबराच्या कडा तुटल्यात, समोरून ट्रक आला की आपली दोन चाकं मातीत. पेट्रोल सोलापुरातच टाकी भरून घ्या. पेट्रोल महागल्यापासून वाटेवरचे काही पंप मापात हात आखडतात. आमची गाडी लिटरला अकरा देते, म्हणजे जायलाच शंभराची नोट गेली.

दादानं गाडी माझ्या हातात दिली, पण काटा पन्नासच्या पुढं गेला की तो खाकरायचा. उमरग्याच्या बाहेर फाट्यावर पाच माणसं हात करून उभी होती.

"थांब," दादा म्हणाला.

"दादा, आपण शर्यतीला चाललोय."

"मोकळी गाडी मला चालवता येत न्हाय. अंग हलकं लागतं."

हुमनाबादपर्यंत पाच जण, दोन दोन रुपये. एका बाईच्या पिशवीत कोंबडी. ती कोंबडी माझ्या मानेमागं सारखी बोलत होती. पुढं बसलेल्या शेतकऱ्यानं विचारलं, "कुटं निघालासा?"

"गाडी पळवायला," मी म्हणालो.

"मग पळवा की. आमाला बी लवकर जायचंय."

दादा खाकरला.

हुमनाबादला कन्नड खानावळीत जेवलो. दीड रुपयात पोटभर, भाकरी पातळ आणि चटणीला दाण्याचा खमंगपणा. दादा वाढप्याशी कन्नडात बोलला म्हणून दोन वेळा ताक मिळालं. जहिराबादनंतर रस्ता रुंद होतो आणि जमीन तांबडी. दुपार कलताना सिकंदराबादेत पोचलो. गाडी मेस्त्रींच्या गॅरेजात लावली, झोपायची सोय माळ्यावर केली. इराणी हॉटेलातला चहा दादाला फार आवडला. बिस्किटं मात्र "गोड का खारट ते ठरवा की" म्हणत खाल्ली.

अंधार पडायच्या आत मी गाडी तयार केली. तुम्हाला न्यायची असेल तर एवढं करा. चाकांच्या वाट्या काढा, डिकीतला जॅक, पाने, डबा सगळं खाली ठेवा, हेडलाइटवर चिकटपट्टी मारा म्हणजे काच फुटली तरी रस्त्यावर सांडत नाही. टायरमध्ये हवा जरा जास्त भरा. मी मागची सीटही काढायला घेतली.

"ती कशापायी?"

"वजन कमी व्हायला."

"परत जाताना शिटा कुटं बसवू?" दादानं विचारलं. सीट राहिली.

रविवार. धावपट्टीवर सोळा गाड्या आल्या होत्या. तेलाचे रिकामे ड्रम आणि भुशाची पोती मांडून वाट आखलेली. सरळ जायचं, टोकाच्या ड्रमला वळसा घालायचा आणि परत. टेबलाशी पंचवीस रुपये भरले. तिथल्या माणसानं एक कागद सहीला दिला आणि हिंदीत सांगितलं, जे काही होईल ते ज्याच्या त्याच्या जबाबदारीवर.

दादानं खिशातून विमा काढला. "आमचा फुल हाय. हे चालतं का, एवढं सांगा."

तो माणूस म्हणाला, हे आमचं काम नाही, त्या साहेबांना विचारा. एक पिकल्या दाढीचे गृहस्थ स्कूटरला टेकून उभे होते. करीमसाहेब. ठोकलेल्या गाड्या बघून विमा कंपनीला नुकसान लिहून द्यायचं, हा त्यांचा धंदा. आमच्या गॅरेजात नेहमी यायचे. रविवारी शर्यत बघायचा त्यांना नाद होता.

त्यांनी चष्मा लावला आणि कागद उन्हात धरला. एका ओळीवर कुंकवाचं बोट होतं. ते त्यांनी नखानं हळू खरवडलं.

"कौन बोला तुमकू फुल है बोलके?"

"एजंट."

"फुल बोले तो पूरी गाडी का है मियाँ. पूरे कामां का नै. ये देखो, रेसिंग नक्को, टाइम लगाके दौडाना नक्को. सब साफ लिखा है. आज गाडी ठुकी तो एक पैसा नै मिलता."

माझं तोंड उतरलं. दादानं मात्र मान हलवली, म्हणजे त्याला हे मनातून माहीतच होतं. तो कागद परत घ्यायला लागला, पण करीमसाहेबांनी सोडला नाही. त्यांचं बोट त्याच ओळीवर होतं, जरा अलीकडं.

"ये गाडी पे सवारी बिठाते क्या? भाडा लेके?"

"रोज," दादा म्हणाला. "सात-आठ शिटा."

करीमसाहेबांनी चष्मा काढला. "रेसिंग से पहले वोइच लिखा है भाई. भाडा नक्को. ये घर की गाडी का कागज है. जिस दिन से तुम सवारी बिठाए, उस दिन से ये सोया हुआ है."

"म्हंजे कुणाला लागलं तर?"

"तो कंपनी हात उठा लेती. तुम्हारा घर, और वो आदमी का नसीब."

एवढं बोलून त्यांनी कागद नीट घडी करून दादाच्या हातात ठेवला. मग मला म्हणाले, एजंटला शिव्या देऊ नकोस, पैसे भरताना गाडी कशासाठी हे त्यानं विचारलं असेल आणि तुम्ही 'घरची' म्हणाला असाल. खरंच तसंच झालं होतं. घरची गाडी, घर चालवते, दुसरं काय म्हणणार?

दादा पोत्यांच्या सावलीत जाऊन बसला. मी शेजारी बसलो. पाच वर्षं. तो बोटं मोजत नव्हता, पण मला कळत होतं. शाळेच्या बाई रोज पुढच्या सीटवर. बाळंतपणाला नेलेल्या बायका. श्रावणात दहा दहा माणसं. वळसंगच्या पुढं एकदा बैल आडवा आला होता आणि गाडी खड्ड्याच्या काठावर थांबली होती. ते त्यानं घरी हसत हसत सांगितलं होतं.

"दादा, जाऊ परत," मी म्हणालो. "पंचवीस रुपये गेले तर गेले."

त्यानं खिशात हात घातला. मग चावी माझ्या मांडीवर टाकली.

"जा. पळीव."

"आता? काईच भरून मिळत न्हाय म्हणले की."

"रोज आठ माणसं भरून पळवतोय मी. त्यांना काय ठाऊक न्हाय. आज गाडीत तू एकला, आणि तुला सगळं ठाऊक हाय. आजच्यावाणी चोख दिवस पाच वर्षांत झाला न्हाय." आणि उठता उठता म्हणाला, "ड्रमला शिवलास तर मात्र हितंच ऱ्हा. घरी यायचं न्हाय."

तर मी तीन फेरे मारले. पहिला घाबरून. दुसऱ्यात काटा शंभरला गेला, अँबॅसिडरचं सगळं अंग वाजायला लागलं, आणि ज्या इंजिनाला मी रजेत दर वर्षी हात लावायचो ते खालून एकसारखं गात होतं. तिसऱ्यात वळणावर मागचं चाक जरा सरकलं, ड्रम खिडकीतून हातभर अंतरावर दिसला आणि मागं गेला. उतरलो तेव्हा तोंड मिटत नव्हतं. सोळांत अकरावा आलो. करीमसाहेब म्हणाले, "अँबॅसिडरां में पैला."

दादा गाडीभोवती एक फेरी मारून आला, टायरला हात लावून बघितला, "तापलंय," एवढंच म्हणाला. पण परतताना त्यानं खिशातला चुरमुऱ्याचा पुडा मला दिला आणि स्वतः चालवायला बसला.

सोमवार. परतीचा रस्ता तोच. हुमनाबादच्या फाट्यावर माणसं हात करत होती. दादाचा पाय ब्रेककडं गेला आणि परत आला. पुढच्या गावाला तसंच. मोकळी गाडी तशीच पुढं. उमरग्याच्या अलीकडं एक बाई तापलेलं पोर खांद्यावर टाकून उभी होती. तिथं मात्र तो थांबला. दवाखान्याशी सोडल्यावर ती कमरेची पिशवी सोडायला लागली.

"ऱ्हाऊ द्या. पाव्हण्यांकडनं भाडं घेत न्हाईत."

"कुणाच्या पाव्हण्या?" तिनं विचारलं.

"आजच्या दिवस आमच्या," दादा म्हणाला.

घरी आल्यावर वहिनींना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग उद्या?" दादा म्हणाला, उद्या गाडी निघणार नाही. टॅक्सीचं परमिट, टॅक्सीचा विमा, मगच. अव्वा कन्नडात काहीतरी पुटपुटली, माझ्याकडं बघून. ते मी इथं लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्याबरोबर स्टँडवर गेलो. शाळेच्या बाई पिशवी घेऊन उभ्याच होत्या. दादानं त्यांना कारण सांगितलं.

"अहो महादेव, पाच वर्षांत काही झालं का? चला, उशीर होतोय."

"झालं न्हाय, बाई. पर तवा ठाऊक नव्हतं. आता ठाऊक हाय."

त्यांना एसटीत जागा धरून दिली त्यानं, रुमाल टाकून.

परमिटाला अडीच महिने लागले. तोवर दादा एका चादरीच्या व्यापाऱ्याच्या गाडीवर पगारी ड्रायव्हर होता. घरात तेल जपून पडायचं. मी सिकंदराबादेहून थोडं थोडं पाठवत होतो आणि मनात म्हणत होतो, ती शर्यत केली नसती तर हे काही झालं नसतं. मग लगेच दुसरं मन म्हणायचं, वळसंगचा तो बैल. दोन्ही खरं आहे. मला अजून निवडता आलेलं नाही. धावपट्टीवरचा दुसरा फेरा मात्र झोपेतसुद्धा आठवतो आणि त्याचं मला वाईट वाटत नाही.

दिवाळीला घरी आलो त्याच आठवड्यात गाडी पुन्हा रस्त्यावर आली. पहिल्या दिवशी मीही बसलो. दादानं नवा कागद शाळेच्या बाईंच्या हातात दिला.

"मोठ्यानं वाचा. सगळ्यांना ऐकू जाऊ द्या."

बाई एक ओळ इंग्रजीत वाचायच्या आणि मराठीत सांगायच्या. भाडं चालतं, म्हणताच मागच्यांनी "झालं" म्हटलं. शर्यत चालत नाही, म्हणताच दादानं आरशातून माझ्याकडं बघितलं. मग त्या थांबल्या, बोट ठेवून परत वाचलं आणि म्हणाल्या, "माणसं ड्रायव्हर धरून सहा."

मागून एक म्हातारबुवा म्हणाले, "लिवतात तसं. कोण मोजतंय."

दादा धरून आम्ही आठ होतो. दादानं वळसंगच्या अलीकडं लिंबाखाली गाडी बाजूला घेतली आणि इंजिन बंद केलं. मागं वळून बघितलं नाही. मी भाडं दिलं नव्हतं, म्हणून पहिला मी उतरलो. दुसरे उतरले ते म्हातारबुवा, कारण ते दारापाशी होते. दादानं त्यांचे पैसे त्यांच्या हातात परत ठेवले आणि गाडी निघून गेली.

एसटीला अजून अवकाश होता. बुवांनी पिशवीतून दोन पेरू काढले, एक मला दिला.

"त्या बाईला वाचायला कुणी सांगितलं हुतं रं?" ते म्हणाले.