गाऱ्हाणं कुणी घालायचं

मला गोष्टी सांगायला आवडतात, आणि समोर कोण बसलंय ते मी फारसं बघत नाही. डॉक्टरसुद्धा चालतात. माझ्या मुलीला चौथ्या वर्षापासून इसब आहे आणि आता ती सोळाची आहे. एवढ्या वर्षांत रत्नागिरीपासून कोल्हापूरपर्यंतच्या दवाखान्यांत तिच्या खाजेचे मी किती प्रयोग लावले, त्याला गणती नाही. कुणाच्या तरी सांगण्यावरून कडुलिंबाचा पाला वाटून अंगभर फासला आणि पोर दोन दिवस पोपटासारखी हिरवी फिरली, हा प्रसंग तर मी उभा राहून करतो. डॉक्टर हसतात. ती शेजारच्या खुर्चीत बसून कुर्त्याच्या बाह्या तळव्यांपर्यंत ओढत राहते.

या उन्हाळ्यात मात्र डॉक्टरबाई हसल्या नाहीत. मलमं लावून लावून कोपराच्या आतली कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली होती. "आता मलम वाढवण्यात अर्थ नाही," म्हणत त्यांनी एक गोळी लिहिली. आठवड्यातून एकदाच घ्यायची, चुकून रोज घेतली तर जिवावर बेतेल. मधूनमधून रक्त तपासायचं, कारण यकृताला इजा होऊ शकते, रक्तातल्या पेशी कमी होऊ शकतात. ताप आला किंवा तोंड आलं, तर गोळी थांबवून लगेच फोन करायचा.

"बहुतेकांना सोसते," त्या म्हणाल्या. "पण सगळ्यांना सोसतेच, असं मी लिहून देणार नाही. घरी बोला, मग या."

तो कागद खिशात घालून मी तीन आठवडे हिंडलो.

"अहो, सुरू करू या," बायको म्हणाली. "तिच्या चादरी मी धुते. रक्ताचे ठिपके मी बघते."

"आणि यकृत?"

"यकृत, यकृत! महिन्याभरापूर्वी ते कुठल्या बाजूला असतं, हे तरी माहीत होतं का तुम्हाला?"

नव्हतं. आता मात्र उजव्या बरगडीखाली ते दिवसभर जाणवायचं. तिचं यकृत, माझ्या अंगात.

शेवटी मी पळवाट काढली. आमचं गाव देवरूखच्या वर. जमीन विकायची असो की लग्न ठरवायचं असो, आमच्याकडे देवीला कौल लावतात. गुरव देवीच्या पाषाणावर दोन्ही अंगांना ओले कळे, म्हणजे फुलांच्या कळ्या, चिकटवतो. उजवा पडला तर होय, डावा पडला तर नको. बायको काही आली नाही. "देवीला रक्ताचे रिपोर्ट वाचता येतात का?" एवढंच म्हणाली. मुलगी मात्र निमूटपणे गाडीवर मागे बसली. का, ते तिने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

म्हाताऱ्या गुरवाने कळे लावले आणि गाऱ्हाणं घालायला घसा खाकरला. मी त्याला थांबवलं. शिमग्यातल्या नमन-खेळ्यांत संकासुराचं सोंग वर्षानुवर्षं माझ्याकडे आहे, मला आवाज आहे, मी कशाला दुसऱ्याच्या तोंडून बोलू? सभामंडप दुमदुमवत मी सुरुवात केली, "आई, या लेकराच्या अंगाची आग तू बघतेस. आता ही गोळी खाज खाईल की यकृत खाईल? आत्ता सुरू करावी की पावसाळ्यानंतर? की अर्धीच द्यावी? की मलमच बरं? आणि समजा..."

"मास्तर," गुरव हळूच म्हणाला, "देवीला एकच विचारायचा असतो. तुम्ही काय परीक्षेचा पेपर काढताव?"

मागे मुलगी खुदकन हसली. मग मी एकच विचारलं. गोळी द्यावी का?

आम्ही थांबलो. उजवा पडेना, डावाही पडेना. पाषाणावरून पाण्याचा एक ओघळ तेवढा खाली आला. माझ्या पायांना मुंग्या आल्या. गुरवाने कळे पुन्हा भिजवून लावले, पुन्हा तेच.

"नाय पडत," तो म्हणाला. "इचारणाऱ्याच्या मनात दोन हायत. दुखणा कुणाचा?"

"हिचं."

"मग तुम्ही कशाला बोलताव? तिला घालू दे की गाऱ्हाणा."

ती पुढे आली. हात जोडले, पण आवाज चढवला नाही.

"मला गोळीचं नाही विचारायचं. ते मी डॉक्टरांना विचारेन. मला एवढंच विचारायचंय, की मी त्यांच्याकडे एकटी आत गेले, तर बाबांना राग येईल का?"

गुरव माझ्याकडे बघून म्हणाला, "ह्याला कौल कशाला? बाप समोरच उभा हाय."

मी तिच्याकडे वळलो.

"नाही येणार," मी म्हणालो.

पुढच्या आठवड्यात बायको आणि मी दवाखान्याच्या बाकावर बसलो होतो. दाराआडून मुलीचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. ती बराच वेळ बोलत होती. एकदाही कुणी हसलं नाही. पोरीकडे सांगण्यासारखं एवढं होतं? मी बायकोकडे बघितलं. ती जमिनीकडे बघत होती.

मग आम्हाला आत बोलावलं. सह्या झाल्या, रक्त काढलं. बाहेर आल्यावर मुलगी म्हणाली, "रिपोर्ट ठीक आले तर रविवारी, जेवल्यावर. ताप आला तर लपवणार नाही, असं मी कबूल केलंय. झोपताना हातांत मोजे घालते, तेही सांगितलं." थोडं चालल्यावर म्हणाली, "आणि बाबा, ती हिरवी झाल्याची गोष्ट आता कुणाला सांगू नका."

तिच्या मोज्यांचं मला माहीत नव्हतं.

रिपोर्ट ठीक आले. रविवारी जेवण झालं. कॅलेंडरवर मी पुढच्या सगळ्या रविवारांना लाल गोल केले, मधल्या वारांवर फुल्या मारल्या. ती गोळी आणि पाण्याचा पेला घेऊन बसली. पानं उचलायच्या निमित्ताने मी तिच्या मागून गेलो आणि कपाळाला हात लावला.

"बाबा," ती म्हणाली, "अजून गिळलीसुद्धा नाहीये."