बळीरामचे रविवार

बळीराम मारेगावजवळच्या सूतगिरणीत धागे सांधतो. निवृत्त होईपर्यंत मी त्याच्या शेजारच्याच मशीनवर होतो, म्हणून खात्रीनं सांगतो, त्याच्यासारखा हात गिरणीत दुसरा नाही. शेकडो धागे सरळ चाललेले असतात, त्याची नजर तुटलेल्यावरच जाते. सांधून पुढे सरकतो. माणूस कामाचा आहे, पण संशयी.

या पावसाळ्यात त्याचा संशय रविवारवर होता.

त्याची बायको नलू हिची थोरली बहीण विमलताई मुकुटबनला अंथरुणाला खिळली होती. नलूला तिला डोळ्यांनी पाहायचं होतं. गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे एसटीची पायरी तिला चढवत नव्हती. बळीरामची मोटारसायकल हाच उपाय, आणि त्याची सुट्टी रविवारी. तीन रविवार निघायच्या वेळी पाऊस आला. चौथ्या रविवारी मी गेलो तेव्हा तो हेल्मेट हातात घेऊन दारात उभा होता. पागोळ्या गळत होत्या.

"पाहा मारोतराव," तो म्हणाला. "सहा दिवस हा पाऊस गुमान रायते. माह्या सुट्टीवरच याचा डोया. मले तं वाटते, मालकानं आभायाले पटवून ठेवलं."

"मालक तुले चहा पाजत नाही, आभायाले कायले पटवीन?" मी म्हटलं.

आतून नलू बोलली, "भाऊजी, मले आभायाचा शक नाही. तुमच्या या दोस्ताचाच हाय. ताई एकडाव लग्नात ह्यांच्या केसातला कापूस पाहून 'गिरणीतलं भूत' म्हणाली होती. ते अजून पोटात हाय. पाऊस नुसता निमित्ताले."

बळीरामनं हेल्मेट खुंटीला अडकवलं. खरं सांगायचं तर मलाही तोच संशय आला. काम टाळणारा माणूस आधी आभाळाकडे पाहतो, हे मी जन्मभर पाहिलं आहे.

"मंग बुधवारची रजा टाक," मी म्हटलं. मला वाटलं, आता दुसरं कारण काढेल.

त्यानं रजा टाकली. बुधवारी सकाळी मी मुद्दाम गेलो. नलू नवं लुगडं नेसून ओट्यावर बसली होती. त्यानं गाडी पुसली, चाकांतली हवा पाहिली, किक मारली. आणि सर आली.

बळीराम गाडीवरून उतरला. त्याचा चेहरा खरोखरच उतरला होता.

"बुधवारीबी?"

"कालबी आलता," नलू म्हणाली. "सोमवारीबी. माह्या गोधड्या महिन्याभरात वाळल्या नाहीत. तुमाले काय मालूम? तुमी त्या डब्यात बंद!"

खरं होतं. गिरणीच्या खिडक्या कायम बंद. धागा तुटू नये म्हणून आत बारा महिने पाण्याचा फवारा चालू, मशीनचा आवाज असा की शेजारचा ओरडला तरी ऐकू येत नाही. अंगावरचा सदरा रोजच ओला. बाहेर आभाळ फाटलं तरी कोणाला कळणार?

"बळीराम, चालू धागे तू पाह्यतच नाही," मी म्हटलं. "तुटले तेवढेच पाह्यतं."

त्यानं एकदा पावसाकडे पाहिलं. मग आत गेला, खताची रिकामी थैली उभी फाडून आणली आणि नलूच्या डोक्यावरून खाली, पट्टी बांधलेल्या गुडघ्यापर्यंत पांघरली.

"बस," तो म्हणाला. "हे तं रोजचंच हाय."

संध्याकाळी मुकुटबनहून त्याचा फोन आला. "पोचलो. दोघी बहिणी रडून राह्यल्या."

"आन् तुले काय म्हणाली ताई?"

"म्हणे, गिरणीतलं भूत वलं झालं. लुगडं देऊन डोकं पुसाले लावलं."

नलू तिथंच थांबली, तो परतला. रविवारी मी गेलो तर कडक ऊन पडलं होतं. बळीराम ओट्यावर बसून डोळे बारीक करून वर पाहत होता.

"पाहा, आता कुठं जाचं नाही, तं कसं हासून राह्यलं!"

"तोंड कायले पाह्यतं त्याचं? ऊठ, नलूच्या गोधड्या टाक उन्हात."

त्यानं एकेक झटकून, कोपरे ताणून दोरीवर टाकली. नीट टाकली. पण दिवसभर आभाळावर नजर ठेवून दोरीपासून हलला नाही.