शेवटच्या पानावरचा चेहरा

माझ्या मेहुण्याइतका लोकांच्या तोंडाकडे टक लावून बघणारा माणूस अख्ख्या पिंपरी-चिंचवडात दुसरा नसेल, आणि असलाच तर त्याने एव्हाना कुठेतरी मार खाल्ला असेल. मेहुणा वाचला, कारण तो लहान मुलांच्या पुस्तकांतली चित्रं काढतो हे दिघीत आता बहुतेकांना ठाऊक झालंय. नातेवाईकांना मात्र अजून पटलेलं नाही. लग्नाकार्यात कुणी विचारलं की मी अभिमानाने सांगतो, "चित्रं काढतो." समोरचा मान डोलावतो आणि म्हणतो, "ते झालं हो, पण काम काय करतो?"

त्याची कामाची तऱ्हा अशी, की जे काढायचं ते आधी स्वतःच्या तोंडावर आलं पाहिजे. बेडूक असेल तर गाल फुगलेले, घुबड असेल तर डोळे वटारलेले. मी सासरी गेलो की आधी खिडकीतून डोकावतो. आत वाघ चालू असला तर बेल न वाजवता खाली जाऊन चहा पिऊन येतो. पंचाईत ही, की हा कागदावरून उठला तरी प्राणी चेहऱ्यावरून लगेच उतरत नाही. एकदा तळवड्याहून स्थळ आलं होतं, आणि हा सकाळपासून भुकेली मगर काढत होता. मुलीचे मामा पोहे खात होते आणि हा जबडा किंचित उघडा ठेवून त्यांच्याकडे एकटक बघत होता. मामांनी पोहे अर्धेच ठेवले. दोन दिवसांनी निरोप आला, "मुलगा चांगला आहे, पण घरात पोटभर मिळत नसावं."

शिवाय दिसेल त्या माणसाला मध्येच थांबवून ठेवायची खोड. हत्ती ओंडका उचलतो तेव्हा त्याची मान कुठे वाकते, हे कळेना म्हणून त्याने गॅसवाल्याला जिन्यातच रोखलं. "राव, मान बघा, पाठ बघा, पण आधी टाकी तर उतरवू द्या!" असं तो बिचारा ओरडत होता आणि हा त्याच्याभोवती फिरत होता. मलाही त्याने भर दुपारी फरशीवर आडवं केलंय, झोपलेलं अस्वल म्हणून. "दाजी, पोट आत घेऊ नका, तेच तर कामाचं आहे," असं वर बजावलं होतं. माझ्या पोटाविषयी इतकं चांगलं आजवर कुणी बोललेलं नाही.

पण गेल्या वर्षी त्याचं घोडं अडलं. पहिल्यांदाच असं पुस्तक हातात आलं होतं, की ज्यातली गोष्टही त्याचीच होती. शिफ्टवरून येणाऱ्या बाबांची वाट बघणारी एक मुलगी, एवढीच गोष्ट. शेवटच्या पानावर एकही शब्द नाही. दार उघडून आत आलेले बाबा फक्त. बाकी सगळी पानं झाली, हे एक होईना. एकामागून एक कागद फाटत गेले. संपादकबाई शांत स्वभावाच्या, पण त्याही म्हणाल्या, "हे बाबा खूश दिसतात, पण घरी आल्यासारखे दिसत नाहीत." मग त्यांनी सांगून टाकलं, की आठवड्यात जमलं नाही तर ते पान दुसऱ्या चित्रकाराला द्यावं लागेल. मेहुण्याचं जेवणावरून मन उडालं. आपल्या गोष्टीतले बाबा दुसऱ्याने काढायचे?

आमचे सासरे, म्हणजे त्याचे अण्णा, आयुष्यभर पिंपरीत एका कारखान्यात शिफ्ट करून निवृत्त झालेले. सासूबाई गेल्यापासून घरात हे दोघंच. अण्णांचा घरी येतानाचा चेहरा मेहुण्याला काही केल्या आठवेना, म्हणून त्याने त्यांनाच जुना डबा हातात देऊन दाराबाहेर पाठवलं आणि स्वतः कागद घेऊन बसला. अण्णा आत आले. चेहरा वीजबिल भरून आल्यासारखा. पुन्हा पाठवलं, पुन्हा तेच. शेवटी अण्णा वैतागले. "आसाच यायचो मी. आनि कसं येत्यात लोकं?"

तेव्हा मेहुण्याने मला फोन करून महाळुंग्याच्या कंपन्यांच्या सुटायच्या वेळा विचारल्या. मी त्याच भागात नोकरीला, सांगितल्या. दुपारी गेटवर उभा राहून चेहरे बघून येतो म्हणाला. पण गेटमधून बाहेर पडणारी माणसं नुसती दमलेली दिसत होती. घरी पोचल्यावरचा चेहरा गेटवर कसा दिसणार? म्हणून हा बहाद्दर एका माणसाच्या मागोमाग थेट कंपनीच्या बसमध्ये चढला. बस निघाली दिघीच्या उलट दिशेला, राजगुरुनगराकडे. वाटेत फोनची बॅटरी संपली. तो माणूस उतरला, मागे याला बघून घाबरला आणि घरी न जाता सरळ पोलीस चौकीत शिरला.

तिथून सुटून हा परत येईपर्यंत दिवे लागून गेले होते. अण्णांनी मला बोलावून घेतलं होतं. ते गॅलरीतून दाराकडे आणि दारातून गॅलरीकडे जात होते. मी चहा केला, तो तसाच निवला. बेल वाजली आणि अण्णांनी दार उघडलं.

मी बाजूला उभा होतो, म्हणून मला दिसलं. राग होता, पण त्याच्या आधी दुसरंच काहीतरी येऊन गेलं होतं आणि ते अजून डोळ्यांत होतं. मेहुणा उंबऱ्याबाहेरच थांबला. त्याचा हात खिशातल्या पेन्सिलीकडे गेला.

"अण्णा, जरा असंच..."

"आसंच काय, आसंच! जीव टांगनीला लागलाय हितं, आन् तुला चित्रं सुचत्यात!" अण्णा ओरडत होते, पण मान हलवत नव्हते. चित्र होईपर्यंत ते दारात उभे होते, आणि त्यांचं बोलणं हळूहळू थांबत गेलं.

पुस्तक छापून आलं तेव्हा अण्णांनी चष्मा लावून एकेक पान बघितलं. शेवटच्या पानावर बराच वेळ थांबले.

"ह्यो मी?"

"हो."

"बराबर हाय." त्यांनी त्या चेहऱ्यावरून अंगठा फिरवला. "तुला ठावं न्हाई म्हनून वाईट वाटून घिऊ नगं. मी यायचो तवा तू झोपल्याला आसायचास."