वेल्डिंगची खाट

आयुष्यभर कुलपं दुरुस्त केलेल्या माणसाला सेवा मंडळाने खजिनदार केलं आणि मंडळींची चैन संपली. कुलूपवाल्यांच्या हातून पै सुटेल तर शपथ! सभेत चहासोबत कोणी बिस्किटं मागितली, की ते म्हणत, "घरून खाऊन येत जा."

पण माणूस मुळात कंजूष नव्हता. आधीच्या खजिनदाराने सगळी शिल्लक मेजवानीत उडवली होती आणि त्याच महिन्यात डिझेलला पैसे नाहीत म्हणून मंडळाची रुग्णवाहिका जागची हलली नव्हती. कुलूपवाल्यांच्या शेजारणीला हातगाडीवरून दवाखान्यात न्यावं लागलं, तेव्हा गाडी ढकलणाऱ्यांत तेही होते. तेव्हापासून मंडळाची गंगाजळी त्यांचा जीव की प्राण झाली.

मंडळ आजाऱ्यांना डोक्याची बाजू वर होणारी खाट वापरायला देई. गेल्या वर्षी ती मोडली. सगळे नवी घ्या म्हणत होते. कुलूपवाल्यांनी वेल्डिंग करून आणली आणि वाचलेले पैसे गंगाजळीत टाकले. सभासदाच्या घरच्यांचा नंबर सगळ्यात शेवटी, हा नियमही त्यांचाच.

यंदा त्यांची बायको पडली आणि खुब्याचं हाड मोडून बसली. रांगेत कोणी नव्हतं, म्हणून खाट घरी आली. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "अहो, तुमची गंगाजळी पाठीला टोचतेय."

त्यांनी गादीखाली हात घातला. जोडाचा उंचवटा बोटांना लागला. आधी कितीजण यावर झोपले असतील, आणि भिडेपोटी कोणी चकार शब्द काढला नाही! त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढच्या सभेत ते उभे राहिले. "गंगाजळीतून नवी खाट घेऊया."

"वहिनींसाठी ना? घेऊन टाका," अध्यक्ष म्हणाले.

'हो' अगदी ओठांवर आलं होतं. "नाही. बेकरीवाल्याच्या वडिलांसाठी कालच विचारणा झालीये. नवी त्यांना. आमच्याकडे जुनीच राहू दे."

"मग दोन घेऊ."

"आणि डिझेलचं काय?"

घरी बायको वाटच बघत होती. "मिळाली?"

"मिळाली. पण आपल्याआधी एक आजोबा आहेत."

त्यांनी अंगातला कोट काढला, घडी करून तिच्या पाठीखाली सरकवला. त्यांच्या डोळ्यांतलं पाणी काही लपेना.

"अहो," ती म्हणाली, "आजोबांना गादी तरी धड द्या. तिथे वाचवू नका."