खोक्यातलं स्त्रीबीज

माझी ताई शाळांसाठी प्लॅस्टरची मॉडेलं बनवते. हृदय, कान, दाढा, सगळं करते. पण तिचा हात खरा बसलाय तो गर्भाच्या मॉडेलांवर. आधी टपोरं स्त्रीबीज आणि भोवती शुक्रजंतूंची झुंबड. एक आत शिरला की बीजाचं दार बंद, बाकीच्यांनी बसावं बोंबलत! मग एका पेशीच्या दोन, दोनाच्या चार, असं वाढत तो गोळा नळीतून गर्भाशयात येतो आणि अस्तरात रुजतो. त्यापुढच्या मॉडेलात इवलंसं हृदय, मग हातांचे कोंब. ते कोंब रंगवताना ताई कोणाशी बोलत नाही.

कारण तिला स्वतःला मूल झालं नाही. डॉक्टरांनी दोघांना तपासलं. ताई ठणठणीत होती. दोष भाऊजींचा निघाला. शुक्रजंतू होते, पण हलतच नव्हते. परत येताना हा बाप्या रडला. "आईला सांगू नकोस, मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही." आमची ताई विरघळली आणि गप्प बसली.

त्याच्या आईच्या तोंडी मात्र ताईसाठी उठताबसता एकच शब्द, वांझ. पाहुण्यांसमोर, शेजारणींसमोर, अहो, भाजीवाल्यासमोरसुद्धा! आणि हा शहाणा बाजूला बसून पेपर वाचायचा. शेवटी म्हातारीने लेकाला घटस्फोट घ्यायला लावला आणि वर्षाच्या आत दुसरी मुलगी शोधली. तिच्या घरी सांगितलं, पहिली वांझ निघाली म्हणून सोडली. हे कानावर आलं तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ताई मात्र प्लॅस्टर कालवत होती. "लग्नाची बैठक कधी आणि कुठे आहे, तेवढं शोधून काढ," एवढंच म्हणाली.

त्या बैठकीला आम्ही दोघी न बोलावता गेलो. म्हातारी ताडकन उठली. "ही अवदसा इथे कशी?"

"भेट द्यायला आले, सासूबाई." ताईने हातातला खोका त्या नव्या मुलीपुढे उघडला. आत तिने आजवर केलेलं सगळ्यात सुंदर स्त्रीबीज होतं, भोवती शुक्रजंतू चिकटवलेले.

"नीट बघ, बाळा. यातला एक पोहत आत गेला, तरच मूल सुरू होतं. हे प्लॅस्टरचे आहेत म्हणून हलत नाहीत. याचे प्लॅस्टरचे नसूनही हलत नाहीत. विचार त्याला."

मुलीने सरळ विचारलं, "खरं आहे?"

तो आईकडे बघायला लागला.

"अरे, बोल ना! खोटं आहे म्हणून सांग!" म्हातारी ओरडली.

त्याने मान खाली घातली. म्हातारी मटकन खुर्चीत बसली. मला काय गार वाटलं म्हणून सांगू!

"मला जे म्हणत होतात ना सासूबाई, ते आता एकदा याला म्हणा," ताई म्हणाली. "असंच, चारचौघांत. मी थांबते."

मुलीचे वडील चपला घालून बाहेर पडले. खोका छातीशी धरून मुलगीही त्यांच्यामागे गेली. सगळी पाहुणेमंडळी गेली, तरी ताई म्हातारीसमोर तिथेच उभी होती, तो शब्द ऐकायला.