परवाचे जज्जसाहेब

"उठा! सगळे उठा! बंद करा ती खडखड! मेली ही मशिनं, मेली! त्यांना अजून कुणी कळवलेलं नाही, एवढंच!"

हैदराबादच्या सुलतान बाजारातल्या माझ्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये सकाळच्या बॅचची चोवीस मुलंमुली 'ए एस डी एफ' बडवत होती आणि दारात उभे राहून जज्जसाहेब ओरडत होते. चोवीसच्या चोवीस उठली. मीही उठलो. खालच्या साडीच्या दुकानात दोन तास गादीवर बसून चाळीस साड्या उलगडायला लावलेल्या बाया उठल्या आणि काही न घेता निघून गेल्या, म्हणून त्या दुकानदारानं पुढे वर्षभर माझा नमस्कार घेतला नाही. रस्त्यातल्या सिटी बसमधले लोकही उठले असं सांगतात. पण ते आधीपासून उभेच असणार. उगाच फुगवून सांगायची मला सवय नाही.

त्या आवाजाला उठून उभं राहण्याचं कारण होतं. दर मंगळवारी संध्याकाळी टीव्हीवर एक तेलुगू मालिका लागायची, एका जमिनीच्या खटल्याची. तीत आमचे जज्जसाहेब न्यायाधीश होते. मूळचे नांदेडकडचे, कापूस पिकवणाऱ्या घरातले, मराठी शाळेत माझ्या दोन इयत्ता पुढे. पण तेलुगू असं बोलायचे की गोदावरीच्या मुखाशी जन्मलेल्यानं मान खाली घालावी. दर भागाच्या शेवटी हातोडा आपटून ते म्हणायचे, "पुढची सुनावणी परवा." दोन वर्षांत खटला तसूभर हलला नाही, पण साहेबांचा चेहरा घराघरात गेला. बेगम बाजारात चिंच घ्यायला गेले, की दोन ठोक व्यापारी आपला तंटा घेऊन पुढ्यात उभे. साहेब चिंचेचं बोटूक तोंडात टाकून निकाल द्यायचे आणि तो दोघेही मानायचे. त्यांचं खरं नाव मला ठाऊक होतं, ते मी विसरलो. त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, त्याही विसरल्या असाव्यात.

या कीर्तीत एकच गोम होती. न्यायाधीशाला बसावं लागतं. दोन वर्षं, आठ-आठ तास, काळा कोट घालून, दिव्यांच्या उकाड्यात, एका खुर्चीत. मालिका संपली त्या दिवशी ते जे उठले ते उठलेच. जेवायचे उभ्यानं, ताट हातात घेऊन घरभर फिरत. "भाजी वाढायला मला पायात चपला घालाव्या लागतात," वहिनी सांगायच्या. सांगताना वहिनींच्या चेहऱ्यावरची रेघही हलायची नाही. घरात साहेबांसाठी घेतलेली वेताची आरामखुर्ची होती. तिच्यावर त्या सांडगे वाळवायच्या.

पुढे कामं आली नाहीत असं नाही. रग्गड आली, आणि सगळी न्यायाधीशाचीच. "मास्तर, मी मेल्यावर वरती गेलो तरी ते लोक म्हणतील, या साहेब, ही तुमची खुर्ची," असं म्हणून त्यांनी एक दिवस काळा कोट बोहारणीला देऊन टाकला. बदल्यात आलेली कढई वहिनींनी शेवटपर्यंत वापरली.

मग साहेब यंत्रांच्या मागे लागले. ती वर्षंच तशी होती. सरकारनं दारं उघडली होती आणि रोज काहीतरी नवं आत शिरत होतं. आज फॅक्स, उद्या पेजर, तेरवा डिश अँटेना. साहेबांच्या वडिलांनी शहराबाहेर कुकटपल्लीला भाजीपाल्यासाठी थोडी जमीन घेऊन ठेवली होती. तिथे वांगी लावली की शेजारी कारखाना उगवायचा, भेंडी लावली की वसाहत. साहेबांनी अर्धी जमीन विकली, उरलेल्या अर्धीवर पत्र्याची शेड ठोकली आणि जाहीर केलं, "मी आता गुंतवणूकदार." हा शब्द त्या काळी आमच्या मंडळींत कुणाला नीट उच्चारता येत नव्हता. लोकांना वाटलं, साहेब कशात तरी गुंतले.

कंपनी पारखायची त्यांची रीत त्यांचीच. कागदपत्रं बघायचे नाहीत. थेट आत जायचे आणि मालकाच्या खुर्चीची गादी अंगठ्यानं दाबायचे. अंगठा रुतला, की तिथूनच परत. "खुर्ची मऊ, कंपनी गेली." याच परीक्षेवर त्यांनी एका आलिशान कॉम्प्युटर कंपनीला नकार दिला, आणि ती सहा महिन्यांत खरंच बुडाली. याच परीक्षेवर ज्या तीन कंपन्यांना होकार दिला त्याही बुडाल्या, पण त्यांच्या खुर्च्या लाकडी होत्या, हे मान्य केलं पाहिजे.

आता 'परवा'बद्दल सांगायला हवं, नाहीतर हैदराबादेबाहेरच्या वाचकाला पुढची गोष्ट कळायची नाही. इथल्या दखनीत 'परसों' म्हणजे गेलेला कुठलाही दिवस. परवा दूध नासलं तेही परसों आणि निजामाचं राज्य बुडालं तेही परसों. ही सवय आमच्या मराठीलाही लागली. आणि मराठीतला 'परवा' तर पुढेही धावतो. म्हणजे आमचा परवा दोन्ही टोकांना उघडा. साहेब त्यात बिऱ्हाड करून राहिले होते. त्यांचं जे झालं ते परवा झालं होतं आणि जे व्हायचं ते परवा व्हायचं होतं. 'आज' हा शब्द मी त्यांच्या तोंडून एकदाच ऐकला. तीच गोष्ट सांगतोय.

इन्स्टिट्यूटमध्ये येऊन त्यांनी आरडाओरडा केला, त्या चोवीस जणांत पद्मजा होती. बेगम बाजारातल्या मिरचीच्या व्यापाऱ्याची मुलगी. बोटं अशी की टाइपरायटरच्या फिती तिसऱ्या दिवशी फाटायच्या. पुढे ती इंजिनियर झाली, सरकारी नोकरीला लागली, आणि साहेबांनी तिला तिथूनही उठवलं. तिच्या डोक्यात एक यंत्र होतं. फोन करून विचारायचं, अमक्या गावाची बस किती वाजता, आणि कॉम्प्युटरनं तोंडानं सांगायचं. साहेबांनी शेड दिली, मशिनं दिली आणि आवाजही स्वतःचाच दिला. सगळ्या गावांची नावं, सगळे आकडे, 'कृपया प्रतीक्षा कीजिए', असं सगळं त्यांनी येरझारा घालत बोलून भरलं. पद्मजा माईक घेऊन मागे मागे पळत होती.

तिच्या वडिलांना हे अजिबात पसंत नव्हतं. त्यांनी निक्षून सांगितलं, "संक्रांतीपर्यंत. तोवर तुझ्या यंत्राला कुणी विचारलं नाही, तर नोकरी गेलीच आहे, मी स्थळ बघणार." संक्रांत तीन आठवड्यांवर आली आणि मुंबईहून फोन आला. कारखानीस नावाचे कुणी मोठे साहेब. त्यांना एका बस कंपनीसाठी असं यंत्र हवं होतं. कधी बघायला मिळेल?

"परवा," जज्जसाहेब म्हणाले.

त्यांच्या लेखी याचा अर्थ होता 'होईल तेव्हा'. पण मुंबईच्या माणसाला दिवस मोजायची खोड. बरोबर दोन दिवसांनी सकाळच्या विमानानं कारखानीस उतरले आणि विमानतळावरून फोन केला, "निघतोय तुमच्याकडे."

मला निरोप आला, "मास्तर, उडत या." मी गेलो. पद्मजा कॉम्प्युटरपुढे रडवेली बसली होती. "जज्जगारू, याला अजून दुपारी बारापर्यंतच सांगता येतं. संध्याकाळच्या बसला गप्प बसतं हो."

साहेबांनी शेडला तीन फेऱ्या मारल्या. चौथ्या फेरीत थांबले. "आवाज कुणाचा आहे?"

"तुमचा."

"मग यंत्र कशाला हवं?"

प्लायवूडची एक फळी उभी केली. पुढे कॉम्प्युटर, मागे साहेब. पाहुण्यानं विचारायचं, मी ते टाइप करायचं आणि 'खात्रीसाठी' मोठ्यानं वाचायचं, म्हणजे फळीमागे ऐकू जाईल. एकच अडचण होती. त्या दिवशी माईक टेबलाला स्क्रूनं पक्का आवळलेला होता आणि त्याची मान वीतभर. साहेबांना बसावं लागणार होतं. त्यांनी त्या लाकडी खुर्चीकडे असं पाहिलं, जसं फाशीची शिक्षा झालेला माणूस न्यायाधीशाकडे पाहतो. "पद्मजा, हे तुझ्यासाठी," म्हणाले आणि बसले.

कारखानीस आले. बारीक, गोरे, हळू बोलणारे. पहिली पंधरा मिनिटं अशी गेली की मलाच वाटायला लागलं, यंत्र तयार आहे. "नांदेड की बस... शाम... छह बजे." काय ती घनगंभीर वाणी! कारखानिसांनी दोनदा मान डोलावली. पद्मजाच्या गालांवर रंग परतला. विसाव्या मिनिटाला फळी थरथरायला लागली. साहेबांचा उजवा पाय सुरू झाला होता.

"यंत्र श्वास घेतंय का?" कारखानिसांनी विचारलं.

"आतला पंखा आहे," पद्मजा म्हणाली.

"खुर्ची करकरल्यासारखा आवाज येतोय."

"पंखा जुना आहे," मी म्हणालो.

त्यांनी थोडा विचार केला आणि मधेच म्हणाले, "ही बस शेवटची कधी लेट झाली होती, विचारा बरं."

हे आमच्या ठरल्यात नव्हतं. मी टाइप केलं, वाचलं. पद्मजानं डोळे मिटले. मग यंत्र एक सुस्कारा टाकून म्हणालं, "परसों."

कारखानीस सावध झाले. हा शब्द त्यांनी दोन दिवसांपूर्वी फोनवर मराठीत ऐकला होता, याच आवाजात. ते माझ्याकडे वळलेच नाहीत. पडद्यावर वाकून सरळ यंत्रालाच म्हणाले, "परसों, यानी कब?"

"अरे परसों बोले तो परसों, मियाँ!" यंत्र कडाडलं. "होंगे दस-बारा साल! काइकू सताते?" आणि खुर्ची मागे उलटली, फळी पुढे पडली, आणि यंत्र घामाघूम होऊन, दोन्ही हातांनी कंबर धरून, आमच्यापुढे उभं राहिलं.

ज्या बस कंपनीबद्दल बोलणं चाललं होतं ती सुरू होऊन जेमतेम चार वर्षं झाली होती.

कारखानीस हसले नाहीत. चिडलेही नाहीत. जज्जसाहेबच बोलले, आणि आयुष्यात पहिल्यांदा हळू बोलले. "साहेब, ही पोरगी खरी आहे. तिचं काम खरं आहे. दुपारी बारापर्यंतचं तपासून घ्या. पुढचं खोटं माझं."

कारखानिसांनी खरंच तपासलं. दोन तास पद्मजाशेजारी बसले. शेवटी उठून म्हणाले, "मुलीचं काम मी घेतो. तिला आणि तिच्या माणसांना जागा देतो, सहा महिने देतो. पण यात तुम्ही नकोत. तुमचा शब्द मला झेपायचा नाही. विचार करा, सावकाश कळवा."

पद्मजा म्हणाली, "असं असेल तर मला नको." खरंच म्हणाली; मी होतो तिथे. तिला संक्रांत दिसत होती, वडील दिसत होते, तरी म्हणाली.

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, मग कारखानिसांकडे. हात वर गेला आणि टेबलावर तळवा असा आपटला की माईकचे ते पक्के स्क्रू निघून पडले. मला वाटलं, आता येणार, 'पुढची सुनावणी परवा.'

"निकाल आज," जज्जसाहेब म्हणाले. "मी बाहेर. आवाज तेवढा राहू द्या, तो पुन्हा भरायला मला कुणी बसवू शकणार नाही." आणि चालत निघाले. कुकटपल्लीहून सुलतान बाजारापर्यंत चालत आले. मी बसनं मागाहून निघालो, तरी माझ्या आधी पोचले होते.

त्यानंतरही ते फिरतच राहिले. नव्या शेड, नव्या पोरांच्या नव्या कल्पना, तोच अंगठा, त्याच गाद्या. माझं इन्स्टिट्यूट त्यांनी सांगितलं होतं तसं मेलं. मला कुणीतरी आधी कळवलं होतं, एवढाच फरक. मी मुलीकडे नांदेडला राहायला गेलो. सोडायला साहेब आले होते. बस सुटेपर्यंत तिच्याभोवती फेऱ्या मारत होते. खिडकीपाशी आले की एक वाक्य बोलायचे, पुढचं वाक्य पुढच्या फेरीला. शेवटच्या फेरीला म्हणाले, "या मग परवा."

नांदेडला मला एक चाळा लागला. त्याच बस कंपनीच्या चौकशीचा नंबर फिरवायचा. "हैदराबाद की बस... शाम... सात बजे." तोच ठणठणीत आवाज. आणि आधी, "कृपया प्रतीक्षा कीजिए." ज्या माणसानं जन्मात कशाची वाट पाहिली नाही, तो सगळ्यांना थांबायला सांगत होता. मी हसायचो आणि फोन ठेवायचो. प्रकृती उत्तम दिसते, म्हणायचो. जाऊ परवा.

अशी किती वर्षं गेली ते मी मोजलं नाही. एकदा खरंच गेलो, त्यांनीच सांगितलेल्या सातच्या बसनं. सकाळी दार वहिनींनी उघडलं. घरात पाऊल टाकलं आणि मला कळलं, कारण घरात कुणी चालत नव्हतं. वेताच्या आरामखुर्चीवर सांडगे नव्हते. साहेब होते, काळ्या कोटातले, फ्रेममध्ये. शेवटी बसवलंच होतं त्यांना. चंदनाच्या हारावर बोटभर धूळ होती.

"वहिनी, कधी?" मी विचारलं.

वहिनींनी पदरानं काच पुसली.

"परवा," त्या म्हणाल्या.