हिरानं भरदुपारी पळवलेला पिंजरा

सिनेमातली माणसं इतक्या उशिरा का चिडतात, ह्याच्यावरच हिरा चिडायची. मेंढरं माळावर सोडली की बाभळीखाली बसायचं, तडा गेलेला मोबाईल काठीला टेकवायचा आणि ठरलेला एकच प्रकार लावायचा. साधा माणूस, रोज तेच काम, वर साहेबाच्या शिव्या, आणि मग एक दिवस त्याचं डोकं फिरतं. बँकेतला कारकून स्वतःच्याच बँकेची तिजोरी फोडतो. ड्रायव्हर मालकाची गाडी मालकासकट पळवतो. नर्स डॉक्टरला कोंडून ठेवते. मूळ भाषा कुठली का असेना, वर हिंदी चढवलेलं असलं की झालं. पण पहिला दीड तास तो माणूस नुसता 'जी सर, जी सर' करत मान खाली घालून फिरायचा, आणि हिरा मोबाईलला शिव्या घालायची.

"आरं मुडद्या, हाण की! कवा हाणनार? मेल्यावर?"

लांबून तिची सासू बानूबाई ओरडायची, "मेंढरं उसात शिरली बघ हिरे! त्या डबड्यात तोंड खुपसून बसलीय भवानी."

सासू-सुनेचं पटत नव्हतं. नव्हतंच पटत, उगाच गोड बोलून काय करायचं? हिराचा नवरा राघू चाकणला कंपनीत, पंधरा दिवसांनी एकदा यायचा आणि आला की झोपायचा. ओतूरच्या पुढं आत गेलं की माळावर ह्यांचं पत्र्याचं घर, तिन्ही अंगांनी ऊस, आणि चूल बाहेर अंगणात. त्या चुलीपाशी चार वर्षांची आरोही भाकरी खात बसली होती तेव्हाची ही गोष्ट. ऊन उतरलेलं, पण अजून चांगला उजेड होता. हिरानं पोरीला हात धुवायला आत नेलं, तेवढ्यात बाहेर कुत्रं एकदाच केकाटलं. बाहेर येऊन बघते तर आरोहीच्या भाकरीचा तुकडा जिथल्या तिथं आणि शेजारी बसलेलं कुत्रं गायब. धुळीत बिबट्याचे पंजे उमटलेले, हिराच्या तळहाताएवढे.

त्या दिवसापासून हिराला दुसरं काही सुचेना. पोरगी जरा दिसेनाशी झाली की हातातलं टाकून धावायची. दाराशी पिंजरा पाहिजे, बाकी काही नको.

वनखात्याच्या गार्डनं ठसे बघितले, फोटो काढले आणि म्हणाला, "पिंजरे शिल्लक न्हाईत ताई. सगळे लावलेत. नंबर लागंल तुमचा."

लावलेत म्हणजे कुठं? तर एक लावला होता गेणभाऊच्या बंगल्यापुढं! माजी सरपंच, द्राक्षांचा बाग, बंगल्याला पुरुषभर उंच भिंत, चारी कोपऱ्यांना कॅमेरे. ह्यांच्या पाळीव कुत्र्याला म्हणे बिबट्या दिसला आणि ते दोन दिवस जेवलं नाही, म्हणून पिंजरा. त्यात आमिषाला कोंबडीसुद्धा ठेवलेली नव्हती. वरच्या गजांवर सतरंज्या वाळत घालायचे, खरंच, सतरंज्या!

हिरा गेली विचारायला. ओट्यावर चार-पाच जणं चहा पीत बसलेली. तिला कुणी बस म्हटलं नाही.

"गेणभाऊ, आठ दिवस तरी पिंजरा द्या. ल्हान पोरगी हाय घरात."

"तुमी धनगरं तर वाघाच्या तोंडात हात घालनारी मानसं," गेणभाऊ म्हणाला. "तुमाला कशाला पिंजरा? बानूबाईला बशीव की दारात. बिबट्याच पळून जाईल."

सगळे ख्या ख्या करून हसले. एकाच्या नाकातून चहा आला.

संध्याकाळी राघूचा फोन. "गेणभाऊशी वाकडं घेऊ नगं हिरा. आपली मेंढरं त्येंच्याच रानातनं जात्यात."

'जी सर,' असं हिराच्या अगदी ओठावर आलं होतं. तिनं फोनच कट केला.

तिनं चोरी करायची ठरवली. आता चोरीचं सगळं शास्त्र तिला पाठ होतं. सिनेमात चोरी रात्रीच करतात, काळे कपडे, तोंडाला फडकं, पाऊल वाजवायचं नाही. पण रात्री बिनघोर बाहेर पडता आलं असतं तर पिंजरा हवाच कशाला होता? म्हणजे दुपार. सिनेमात घरमालक पार्टीला जातो. इथं गेणभाऊच्या पुतणीचा साखरपुडा कळंबला निघाला, दोन गाड्या आणि एक टेम्पो भरून अख्खी भावकी गेली. राहिला ट्रॅक्टर. तो हिराच्या मामेभावाकडं, गोरखकडं होता. गोरख भाड्यानं नांगरटी करायचा आणि हवालदार लांबून दिसला तरी आपोआप शर्टाची बटणं लावायचा.

"ताई, जेल व्हईल गं."

"व्हऊ दे. जेलाला भिंत आसती, दार आसतं. तिथं बिबट्या येत न्हाई."

"आन मला?"

"तुला बी नेते संगं. चल, स्टार्टर मार."

पिंजरा चाकांचा होता, आणि फाटकाला नुसती कडी होती. सतरंज्या हिरानं घड्या घालून ओट्यावर ठेवल्या, का ते तिलाही सांगता येणार नाही. पिंजऱ्याची पुढची दांडी ट्रॅक्टरच्या मागं अडकवली आणि निघाले. भिंतीच्या कोपऱ्यातल्या कॅमेऱ्याकडं तिनं नीट तोंड वर करून बघितलं. फडकं-बिडकं काही नाही.

पुढं सगळं बिघडलं. सिनेमातल्या शहरात चोराला कुणी ओळखत नाही, इथं हिराला ओळखत नाही असं कुत्रंसुद्धा नव्हतं. हमरस्त्यानं तो लोखंडाचा डोलारा खडाखडा वाजत चाललेला आणि जो तो थांबवून विचारतोय.

"कुठं चालला गं पिंजरा?"

"आमच्याकडं."

"बरं झालं बया! एकदाची अक्कल आली त्या गेण्याला."

झुंबरबाई तर टोमॅटोचं क्रेट घेऊन ट्रॅक्टरवर चढूनच बसली, मला वाटेत सोड म्हणाली. ओढ्यात चाक रुतलं तेव्हा शेजारच्या रानातल्या गड्यांनी येऊन ढकलायला हात लावला. चोरी कसली, वरात होती ती. गोरख रडकुंडीला आला होता.

बानूबाईनं पिंजरा बघितला आणि कपाळावर हात मारला. "गावात ऱ्हाऊ द्यायची न्हाईस तू आमाला! कुनी सांगितलं व्हतं? त्या मोबाईलनं?"

"व्हय, मोबाईलनं."

सूर्य कलला की हिरा पिंजऱ्याच्या मागच्या कप्प्यात बकरू ठेवायची. पुढचा मोठा कप्पा मोकळा, त्याच्या मधोमध लोखंडी पाटी. पाटीवर पाय पडला की वरचा दरवाजा धाडकन खाली. पोरीला पोटाशी घेऊन हिरा पहिल्यांदाच जरा झोपली.

तिसऱ्या दिवशी दुपार टळल्यावर गेणभाऊ आला. जीप, मागं सात-आठ मोटारसायकली आणि पिंजरा ओढायला स्वतःचा ट्रॅक्टर. हातात मोबाईल, त्यात हिराचं तोंड वर केलेलं.

"चोरटी! माज्या दारातनं सरकारी वस्तू नेतीस? मेंढरं वळायची लायकी तुमची, डोक्यावर बसताय व्हय?"

"सरकारी हाय ना? मग तुमची कशी झाली?"

"तोंड वर करून बोलतीय बघा! आरं, लावा रं ट्रॅक्टर."

पोरं पुढं झाली. हिराला सिनेमात शिकलेलं काहीच आठवेना. पिस्तूल नाही, गाडी नाही, पळून जायला जागा नाही, तिन्हीकडं ऊस. तिनं आरोहीला काखोटीला मारलं, सरळ पिंजऱ्यात शिरली आणि पाटीवर पाय दिला. धाड! दरवाजा पडला. मागच्या ट्रॅक्टरवरचा माणूस दचकून खाली उतरला.

"ने आता!" हिरा आतून ओरडली. "ने की! गावातनं मिरवत ने. लोकं इचारतील तवा सांग, काय धरलंय म्हनून!"

'तुम्ही' संपलं होतं, हे सगळ्यांनाच ऐकू आलं.

गेणभाऊनं रागारागानं गार्डला फोन लावला, मोठ्या आवाजावर टाकला. तिकडून गार्ड घाईघाईनं म्हणाला, "बाई आन पोरगी आत? साहेब, हलवू नका हं पिंजरा. कुनाला लागलं-खुपलं तर नोकरी जाईल माजी. उद्या येतो मी."

"दार उचला!" गेणभाऊ ओरडला. दोघांनी दार धरलं. हिरानं आतून दाराचे गज पकडून सगळं अंग खाली टाकलं. आरोही भोकाड पसरून रडत होती. ते रडणं ऐकून एकानं हात सोडला.

"भाऊ, आसू द्या. बाईमानूस हाय."

"मग दांडी आडकवा! वढा हाय तसं!"

पण दांडीवर बानूबाई बसली होती. कधी येऊन बसली कुणी बघितलं नव्हतं. काठी आडवी मांडीवर, बोटानं दाताला मिश्री लावणं चालू.

"आत्ये, उठ," गेणभाऊ म्हणाला.

"गुडघं दुखत्यात रं बाबा. तूच तर म्हनला व्हतास ना, दारात बशीव म्हनून? बसली."

ह्यावर कुणी हसलं नाही. गेणभाऊ आई-बहिणीवरून बोलला, पोलिसात जातो म्हणाला, मेंढरांची वाट बंद करतो म्हणाला. हिरा आतून एकाला दोन करून परत देत होती, घसा बसला तरी देत होती. उन्हाचा रंग बदलला. उसाची सावली अंगणात चुलीपर्यंत आली. मग एक पोरगा उगाच उसाकडं बघायला लागला. त्याचं बघून दुसरा. आत पानं वाजली, वारा असेल, पण पहिली मोटारसायकल चालू झाली.

"भाऊ, मला दूध घालायचंय."

दुसऱ्याला पाव्हणे येणार होते. तिसऱ्यानं काही कारणच सांगितलं नाही. ट्रॅक्टरवाल्यानं तर गेणभाऊकडं बघितलंसुद्धा नाही. शेवटी गेणभाऊ एकटा राहिला, तोही जीपमध्ये, काच वर केलेली. काचेआडून काहीतरी ओरडत होता आणि जीप मागं मागं जात होती.

बानूबाई कण्हत उठली. दोघींनी मिळून, एक आतून एक बाहेरून, दरवाजा वर केला.

"आदी पोरगी दे हिकडं," बानूबाई म्हणाली. "आन तू बकरू आन. का त्येच्या जागी तूच बसनार हायेस रातभर?"

हिरानं पोरगी दिली आणि बकरू सोडायला गोठ्याकडं पळाली.